बोन मॅरो प्रत्यारोपणानंतर रक्ताचे 'काउंट' का उतरतात?



स्मरणिकेत मंडळाचा अहवाल, जमाखर्च आणि गुणवंतांची यादी असतेच. त्याबरोबर प्रत्येक घराला कधी ना कधी उपयोगी पडेल असा आरोग्यविषयक एखादा लेख असावा, या हेतूने आम्ही हा विषय निवडला आहे. विषयाचे नाव मोठे वाटेल, पण तो आपल्यापासून दूर नाही. मिठबाव, तांबळडेग, कातवण, हिंदळे, मुणगे या पट्ट्यात रक्ताच्या कर्करोगाचा रुग्ण निघाला की त्याला बांबोळीला नाही तर मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात न्यावे लागते. त्याच्यासोबत घरातील एक माणूस जातो. बहुतेक वेळा तो दहावी-बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी असते. डॉक्टरांचे बोलणे समजून घेऊन ते गावाला फोनवर सांगायचे काम त्याच्याकडे येते.

प्रत्यारोपण झाल्यावर या माणसाच्या हाती रोज सकाळी रक्ताचा एक कागद पडतो. त्यावरील आकडे दिवसेंदिवस खाली जातात. पांढऱ्या पेशी चार हजारांवरून चारशेवर, चारशेवरून जवळजवळ शून्यावर येतात. मग गावात बातमी पसरते, "ऑपरेशन फुकट गेलं, रक्तच संपलं." हा समज चुकीचा आहे, आणि त्यातून होणारे नुकसानही मोठे आहे. घाबरलेले नातेवाईक उपचार अर्धवट सोडण्याची भाषा करू लागतात. याउलट काही घरांत रुग्ण बरा होऊन आला म्हणून सगळे निर्धास्त होतात आणि साध्या तापाकडे दुर्लक्ष करतात. या दोन्ही चुका टाळता येण्यासारख्या आहेत. त्यासाठी मूळ गोष्ट समजून घेऊ.

रक्त कोठे तयार होते?

रक्त हृदयात तयार होत नाही. ते हाडांच्या पोकळीतील मऊ गरात तयार होते. या गराला अस्थिमज्जा, म्हणजेच बोन मॅरो म्हणतात. मोठ्या माणसात कमरेची हाडे, मणके, छातीचे हाड आणि बरगड्या येथे हे काम चालते. मज्जेत थोड्या मूलपेशी असतात. भाताच्या बियाण्यासारखे त्यांचे काम असते. त्यांच्यापासून नवी रोपे होतात आणि बियाणेही शिल्लक राहते. निरोगी शरीरात रोज सुमारे वीस हजार कोटी तांबड्या पेशी नव्याने तयार होतात.

या मूलपेशींपासून तीन प्रकारच्या पेशी होतात. तांबड्या पेशी प्राणवायू वाहून नेतात आणि सुमारे १२० दिवस जगतात. प्लेटलेट रक्त थांबवतात आणि आठ ते दहा दिवस टिकतात. पांढऱ्या पेशी रोगजंतूंशी लढतात. त्यांतील न्यूट्रोफिल नावाच्या पेशी जंतूंवर पहिला हल्ला करतात, पण त्या रक्तात जेमतेम दिवसभर टिकतात. मज्जेचे काम बंद पडले की प्रथम न्यूट्रोफिल संपतात, मग प्लेटलेट आणि सर्वांत शेवटी हिमोग्लोबिन उतरते. विद्यार्थ्यांनी हा क्रम लक्षात ठेवावा.

प्रत्यारोपणात नेमके काय करतात?

रक्ताच्या कर्करोगात मज्जेतच बिघडलेल्या पेशींचे तण माजते. त्या मारण्यासाठी अतिशय जोरकस केमोथेरपी देतात, काही वेळा किरणोपचारही देतात. या माऱ्यात रोगट पेशींबरोबर चांगली मज्जाही जळून जाते. नंतर सलाइनमधून रक्त चढवावे तशा नव्या मूलपेशी शिरेतून सोडतात. यात चिरफाड नसते. या पेशी रक्तातून फिरत फिरत हाडांतील आपली जागा शोधतात आणि तेथे रुजतात. रुग्णाच्याच मूलपेशी आधी काढून गोठवून ठेवल्या असतील तर त्याला ऑटोलोगस, आणि दुसऱ्या दात्याच्या असतील तर ॲलोजेनिक प्रत्यारोपण म्हणतात. मायलोमा या रोगात बहुधा पहिला प्रकार आणि तीव्र ल्युकेमियात बहुधा दुसरा प्रकार वापरतात.

या शास्त्राचा पाया अमेरिकेतील डॉ. ई. डोनॉल थॉमस यांनी घातला. त्यासाठी त्यांना १९९० चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. भारतातील पहिले यशस्वी बोन मॅरो प्रत्यारोपण आपल्या मुंबईतच, टाटा मेमोरियल रुग्णालयात, मार्च १९८३ मध्ये झाले. ल्युकेमिया झालेल्या नऊ वर्षांच्या एका मुलीला तिच्या भावाची मज्जा देण्यात आली. हे काम करणाऱ्या पथकाचे प्रमुख डॉ. सुरेश अडवाणी यांना लहानपणी पोलिओ झाला होता आणि ते चाकाच्या खुर्चीतूनच रुग्ण तपासत. अपंगत्वाचे कारण सांगून त्यांना वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश नाकारला जात होता. त्यांनी तो झगडून मिळवला. पुढे त्यांना २००२ मध्ये पद्मश्री आणि २०१२ मध्ये पद्मभूषण हा सन्मान मिळाला. आमच्या विद्यार्थ्यांनी हे उदाहरण अवश्य डोळ्यांसमोर ठेवावे.

पांढऱ्या पेशी लवकर वाढवणारे जी-सी-एस-एफ हे इंजेक्शन १९८३ मध्ये उपलब्ध नव्हते. ते १९९१ पासून बाजारात आले. तेव्हा डॉक्टरांना नुसते थांबून, जंतुसंसर्ग टाळत, काउंट वर येण्याची वाट पाहावी लागे. आज औषधे वाढली आहेत. टाटाचा प्रत्यारोपण विभाग आता खारघरच्या ॲक्ट्रेक केंद्रात आहे. तरीही वाट पाहण्याचा तो काळ कोणालाही चुकलेला नाही.

काउंट किती दिवस खाली राहतात?

जुनी मज्जा जळलेली आहे आणि नवी अजून रुजलेली नाही, अशा मधल्या काळात काउंट शून्याजवळ येतात. नांगरणी करून जुने सगळे काढलेल्या शेतात पेरणीनंतर काही दिवस नुसती माती दिसते, त्यातलाच हा प्रकार. हे उपचाराचे अपयश नाही. तो उपचाराचा ठरलेलाच टप्पा आहे.

मूलपेशी दिल्या तो दिवस 'शून्य' धरतात आणि पुढचे दिवस मोजतात. रुग्णाच्याच पेशी दिल्या असतील तर साधारण १० ते १४ दिवसांत न्यूट्रोफिल वर येऊ लागतात. दात्याच्या पेशींना बहुधा दोन ते तीन आठवडे लागतात. नाळेतील रक्त वापरले असेल तर आणखी उशीर होतो. न्यूट्रोफिल लागोपाठ तीन दिवस ५०० च्या वर राहिले की मज्जा रुजली असे डॉक्टर मानतात. प्लेटलेट त्यानंतर सावकाश वाढतात. हिमोग्लोबिनला तर कित्येक आठवडे लागतात. दाता आणि रुग्ण यांचे रक्तगट वेगळे असतील तर तांबड्या पेशींना त्याहून वेळ लागू शकतो. पुढे रुग्णाचा रक्तगट बदलून दात्याचा होतो, हेही कुटुंबाने माहीत करून घ्यावे. जुने रक्तगटाचे कार्ड त्यानंतर चालत नाही.

कागद कसा वाचावा?

निरोगी माणसाच्या पांढऱ्या पेशी एका घन मिलिमीटरमध्ये ४,००० ते ११,००० आणि प्लेटलेट दीड ते साडेचार लाख असतात. पण प्रत्यारोपणानंतर एकूण पांढऱ्या पेशींपेक्षा न्यूट्रोफिलचा आकडा महत्त्वाचा असतो. त्याला डॉक्टर 'ए.एन.सी.' म्हणतात. त्याचा हिशेब सोपा आहे. एकूण पांढऱ्या पेशींना न्यूट्रोफिलच्या टक्केवारीने गुणून शंभराने भागावे.

उदाहरणार्थ, पांढऱ्या पेशी १,२०० आणि न्यूट्रोफिल ३० टक्के असतील, तर १,२०० गुणिले ३० भागिले १०० म्हणजे ३६०. येथे एकूण आकडा हजाराच्या वर दिसत असला तरी रुग्ण अजून धोक्याच्या रेषेखाली आहे. ही रेषा ५०० ची आहे. १०० च्या खाली धोका फारच वाढतो. काही प्रयोगशाळा आकडा हजारांत छापतात. तेथे ०.३ म्हणजे ३०० समजावे. रोजचे आकडे तारखेसह एका वहीत लिहून ठेवावेत. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा चढउताराची दिशा डॉक्टरांना अधिक सांगून जाते.

ताप आला तर तासाचाही उशीर नको

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा परिच्छेद हाच आहे. न्यूट्रोफिल नसताना शरीरात जंतू शिरला तर पू होत नाही, सूज फारशी येत नाही, कफही दिसत नाही. कारण ही लक्षणे पांढऱ्या पेशींमुळेच दिसत असतात. अशा वेळी ताप ही एकच खूण उरते. थर्मामीटरने एकदाही १०१ अंश फॅरनहाइट ताप दिसला, किंवा १००.४ अंश ताप तासभर टिकला, तर ती तातडीची अवस्था समजावी. थंडी वाजणे, खूप गळून जाणे, लघवी कमी होणे ही लक्षणे ताप नसतानाही तितकीच गंभीर मानावीत. शिरेतून प्रतिजैविक जितक्या लवकर, शक्यतो रुग्णालयात पोचल्यापासून तासाभरात सुरू होईल, तितका जीव वाचण्याचा संभव अधिक.

आपल्याकडे ताप आला की दुकानातील पॅरासिटामॉलची गोळी घ्यायची, काढा प्यायचा आणि उद्या सकाळपर्यंत बघायचे, अशी पद्धत आहे. या रुग्णाच्या बाबतीत ती प्राणघातक ठरू शकते. गोळीने ताप झाकला जातो, पण जंतू वाढतच राहतात. म्हणून रुग्ण गावी येण्यापूर्वीच तीन गोष्टी ठरवून ठेवाव्यात. रात्री-अपरात्री गाडी कोण देईल? देवगड, कणकवली, ओरोस की बांबोळी, नेमके कोठे जायचे? आणि प्रत्यारोपण केंद्राचा कोणता फोन लावायचा? डिस्चार्ज कार्ड आणि औषधांची यादी एका पिशवीत तयार असावी. प्रत्यारोपणाचा रुग्ण असून पेशी कमी आहेत, हे दवाखान्यात पोचताच पहिल्या वाक्यात सांगावे, म्हणजे रांगेत वेळ जाणार नाही.

प्लेटलेट आणि रक्त

प्लेटलेट १०,००० च्या खाली गेल्या की रक्तस्राव नसतानाही सहसा त्या चढवतात. ताप किंवा रक्तस्राव असेल तर त्याआधीही चढवतात. हिमोग्लोबिन साधारण ७-८ च्या आसपास आले की रक्त देतात. अंगावर बारीक लाल ठिपके, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शौच, अचानक तीव्र डोकेदुखी ही प्लेटलेट कमी झाल्याची लक्षणे आहेत. अशा काळात ॲस्पिरिन, आयब्रुफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या आणि दंडात किंवा कमरेत घेण्याची इंजेक्शने डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

या रुग्णांना दिले जाणारे रक्त किरणे देऊन शुद्ध केलेले असावे लागते. दिलेल्या रक्तातील जिवंत पांढऱ्या पेशी रुग्णाच्या शरीरावर उलटू नयेत म्हणून ही काळजी घेतात. सख्ख्या नातेवाइकांच्या रक्तात हा धोका अधिक असतो. म्हणून "आमच्या घरचेच रक्त चढवा" असा आग्रह धरू नये. आपण रक्तपेढीत रक्त द्यावे आणि कोणाला कोणते द्यायचे ते डॉक्टरांवर सोपवावे.

प्लेटलेटची आणखी एक अडचण आहे. त्या काढल्यापासून पाचच दिवस टिकतात, त्यामुळे त्यांचा मोठा साठा करता येत नाही. एका दात्याकडून यंत्राने काढलेल्या प्लेटलेटने रुग्णाचा आकडा साधारण ३० ते ६० हजारांनी वाढतो, पण तीन-चार दिवसांत पुन्हा उतरतो. म्हणून एका रुग्णाला महिनाभर नवनवे दाते लागतात. गावाकडून गेलेला एकटा माणूस परळच्या फुटपाथवर हे दाते कोठून आणणार?

बरे होऊन आल्यावर काउंट पुन्हा उतरले तर?

मज्जा रुजून रुग्ण घरी आला, दोन-तीन महिने बरे गेले आणि मग काउंट पुन्हा उतरले, असे पुष्कळदा होते. अशा वेळी रोग परत आला असे लगेच मानू नये. कारणे अनेक आहेत. संसर्ग टाळण्यासाठी किंवा त्यावर उपचार म्हणून दिलेली काही औषधेच मज्जेला दाबतात. ती बदलली किंवा कमी केली की आकडे वाढतात. सी.एम.व्ही.सारखा शरीरात दडलेला विषाणू डोके वर काढतो. दात्याच्या पेशी रुग्णाच्या शरीरावर हल्ला करतात, त्या विकारातही काउंट घटतात. बी-१२ किंवा फॉलिक ॲसिड कमी पडलेले असते. काही थोड्या रुग्णांत नवी मज्जा अशक्त राहते किंवा नाकारली जाते, आणि काहींत मूळ रोग उलटतो.

यांतील नेमके कारण शोधण्यासाठी विषाणूंची तपासणी, मज्जेची तपासणी आणि 'कायमेरिझम' ही चाचणी करतात. रुग्णाच्या रक्तात दात्याच्या पेशी किती टक्के आहेत, ते या चाचणीतून कळते. कारणानुसार उपचारही वेगळे असतात. औषध बदलणे, जी-सी-एस-एफ देणे, दात्याच्या मूलपेशींचा आणखी एक डोस देणे, क्वचित दुसरे प्रत्यारोपण करणे, असे मार्ग उपलब्ध आहेत. मात्र डॉक्टरांना न विचारता घरच्या घरी एखादी गोळी बंद करणे फार धोक्याचे आहे. ज्या गोळीने काउंट उतरले असतील, तीच गोळी कदाचित नवी मज्जा टिकवून धरत असते.

गावच्या घरातील काळजी

शेण, पेंढा, कुजलेला पाला, गोठा, जुने कौल काढताना उडणारी धूळ आणि चिरे कापतानाची पूड यांत बुरशीचे बीज असते. निरोगी माणसाला त्याचे काही होत नाही, पण या रुग्णाच्या फुप्फुसात ते रुजू शकते. म्हणून डॉक्टर परवानगी देईपर्यंत रुग्णाची खोली शेणाने सारवू नये. घराचे बांधकाम, रंगकाम किंवा शाकारणी त्या काळात काढू नये. लावणीच्या चिखलात त्याने उतरू नये. विहिरीचे पाणी उकळूनच द्यावे.

मासे वर्ज्य नाहीत. ताजे मासे नीट शिजवून, गरम असताना खायला हरकत नसते. अर्धवट शिजलेली कालवे आणि तिसऱ्या, उघड्यावरची सोलकढी, कापून ठेवलेली फळे आणि शिळे अन्न टाळावे. शहाळ्याचे पाणी आपण आजाऱ्याला प्रेमाने देतो. पण त्यात पोटॅशियम भरपूर असते आणि प्रत्यारोपणानंतरच्या काही गोळ्यांनी रक्तातील पोटॅशियम आधीच वाढलेले असते, म्हणून तेही विचारूनच द्यावे. कुर्ल्यांच्या रशाने प्लेटलेट वाढतात अशी समजूत आहे. नीट उकळलेला रस्सा अन्न म्हणून चांगला, पण त्याने काउंट वाढत नाही. पपईच्या पानांचा कच्चा रस आणि गुळवेल मात्र देऊच नये. गुळवेलीने काही जणांच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहे.

काउंट वाढले तरी रोगप्रतिकारशक्ती पूर्ण यायला वर्ष-दोन वर्षे लागतात. लहानपणी घेतलेल्या लसींचा परिणाम पुसला जातो, म्हणून त्या नव्याने घ्याव्या लागतात. तोवर रुग्णाने लग्नाचा मांडव, जयंतीची मिरवणूक, ६ डिसेंबरची चैत्यभूमीवरील गर्दी यांपासून दूर राहावे. भेटायला येणाऱ्यांनीही समजून घ्यावे. सर्दी-खोकला असेल तर दारातूनच विचारपूस करावी. त्यात कोणताही अपमान नाही.

दाता कोण होऊ शकतो?

मूलपेशी जुळण्यासाठी रक्तगट नव्हे, तर एच.एल.ए. ही ओळख जुळावी लागते. तिचा अर्धा भाग आईकडून आणि अर्धा वडिलांकडून येतो. त्यामुळे प्रत्येक सख्ख्या भावंडाशी ती पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. दोन भावंडे असतील तर निदान एक तरी जुळण्याची शक्यता सोळात सात होते. (हे गणित बारावीच्या विद्यार्थ्यांनी स्वतः सोडवून पाहावे.) आई, वडील आणि मुले अर्धी जुळतातच, आणि आता अशा अर्ध्या जुळणीवरही प्रत्यारोपण होते. घरात कोणी नसेल तर नोंदवहीत परका दाता शोधतात. २००९ मध्ये सुरू झालेली 'दात्री' ही अशीच एक नोंदवही आहे. एकाच प्रदेशातील, समान पूर्वज असलेल्या लोकांत ही जुळणी सापडण्याचा संभव अधिक असतो. आपल्या भागातील तरुणांची नावे तेथे नसतील, तर आपल्या रुग्णाला दाता कोठून मिळणार?

मूलपेशी दिल्याने अशक्तपणा राहतो, मूल होत नाही, मुलीचे लग्न जमत नाही, ही भीती निराधार आहे. आजकाल बहुधा चार-पाच दिवस इंजेक्शने देऊन दंडाच्या शिरेतून यंत्राने पेशी काढतात. त्या दिवसांत अंग, विशेषतः हाडे दुखतात आणि मग थांबतात. गेलेल्या पेशी काही आठवड्यांत पुन्हा तयार होतात. बहिणीने भावाला किंवा भावाने बहिणीला पेशी दिल्या, तर त्यात दोघांच्याही आयुष्याला बाधा नाही.

आपण काय करू शकतो?

खर्चासाठी टाटाच्या समाजसेवा विभागात पहिल्याच आठवड्यात जाऊन चौकशी करावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि मुख्यमंत्री सहायता निधी यांचे कागद तेथे समजावून घ्यावेत. शिधापत्रिका आणि उत्पन्नाचा दाखला गावातून निघतानाच सोबत घ्यावा. राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचे नाना पालकर स्मृती समितीचे रुग्ण सेवा सदन येथे विचारावे.

मुंबईतील आपल्या सभासदांना आमची एक विनंती आहे. १८ ते ६० वयाच्या निरोगी सभासदांची रक्तगटासह यादी तयार करावी आणि त्यांतील कोण प्लेटलेट देऊ शकतो याची एकदा तपासणी करून घ्यावी. प्लेटलेट देण्यास दोन-अडीच तास लागतात आणि दुसऱ्या दिवशी माणूस कामावर जाऊ शकतो. यादीत पन्नास नावे असतील, तर एका रुग्णाचा कठीण महिना निभावून जाईल. गावाकडील विद्यार्थ्यांनी थर्मामीटर वाचणे, ए.एन.सी.चा हिशेब करणे आणि आकड्यांची वही ठेवणे शिकून घ्यावे. उद्या कोणाच्या घरी काउंट शून्यावर आल्याचा फोन आला, तर "रक्त संपलं" असे न म्हणता "आज कितवा दिवस, ताप आहे का, प्लेटलेट कोणी द्यायच्या?" असे विचारणारा एक तरी माणूस प्रत्येक वाडीत असावा, एवढीच आमची अपेक्षा आहे.